चाकरमानी गावात येतो तेव्हा कोर्टाला सुट्टी असते

प्रति,
मा. पालक न्यायमूर्ती, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्हे, मुंबई उच्च न्यायालय
आणि
मा. प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश, रत्नागिरी व सिंधुदुर्ग

महोदय,

सविनय नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात दिवाणी दाव्यांची वकिली करतो. हे पत्र कुठल्या चालू दाव्याबद्दल नाही आणि कुठल्या न्यायाधीशांविरुद्धची तक्रार तर नाहीच. तक्रारीची रीतसर जागा मला ठाऊक आहे. बाररूममध्ये चहाबरोबर आम्ही जे रोज बोलतो ते एकदा तुमच्यापर्यंत पोहोचावे, म्हणून उघडपणे लिहितो आहे.

2025 हे साल कोकणच्या कोर्टांना चांगले गेले. 17 ऑगस्टला उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले, दुसऱ्या दिवशी कामकाज सुरू झाले, आणि सावंतवाडीचा माणूस आंबोली घाट चढून उच्च न्यायालयाचे काम आटोपून संध्याकाळी घरी येऊ लागला. पूर्वी त्याला त्यासाठी पाचशे किलोमीटरवरची मुंबई गाठावी लागत असे. (मंडणगड-दापोलीच्या पक्षकाराला मात्र मुंबईची रात्रीची एसटीच अजून सोयीची वाटते, हेही सांगितले पाहिजे. कुंभार्ली घाटाने कोल्हापूर गाठणे हा त्याच्या रोजच्या वाटेतला प्रवास नव्हे.) त्यानंतर 12 ऑक्टोबरला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांनी मंडणगडच्या न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन केले. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे त्याच तालुक्यातले. त्या दिवशी तिथे असलेल्यांना काय वाटले असेल, ते वेगळे लिहायला नको.

इमारत वरून येते, बेंचही वरूनच येते. पण सकाळी अकराला पुकारा झाल्यावर तालुक्याच्या कोर्टात काय घडते, हे दिल्ली ठरवत नाही आणि मंत्रालयही ठरवत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 235 ने दुय्यम न्यायालयांवरचे नियंत्रण उच्च न्यायालयाकडे दिले आहे. व्यवहारात ते नियंत्रण तुमच्या भेटीतून, तपासणीतून, परिपत्रकातून आणि वार्षिक गोपनीय अहवालातून खाली पोहोचते. आमच्या तालुक्यातला कनिष्ठ स्तर न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा वाचतो, त्याला मानतोही. पण तुम्ही काय विचारता यावर त्याचा महिना आखला जातो. तुम्ही विचारलेत की किती निकाली निघाले, तर तो किती काढायचे ते बघेल. तुम्ही विचारलेत की त्या निकालाने जमीन कोणाच्या ताब्यात गेली, तर तो तेही बघेल.

कोकणातल्या दिवाणी दाव्यांना त्यांचा स्वतःचा एक हंगाम असतो. आमच्याकडे येणारे दावे बहुतेक वाटपाचे, गडग्याचे (दगडी कुंपणाचे), पायवाटेचे, विहिरीच्या पाण्याचे, आंबा-काजूच्या कलमांचे. सातबारावर सामायिक नावे पंचवीस-तीस, त्यातली निम्मी माणसे वारलेली. हयात असलेल्यांपैकी दोघे-तिघे गावात, बाकीचे विरार, डोंबिवली, कळवा, एखादा मस्कत. मूळ घर सगळ्यांचे, राहणारा एक. दावा लागतो तो राहणाऱ्यात आणि न राहणाऱ्यांत, किंवा राहणाऱ्याच्या दोन भावांत. आता हे पंचवीस लोक एका वेळी कोर्टासमोर कधी उभे राहू शकतात? गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. एरवी त्यांना रजा मिळत नाही, मिळाली तरी तुतारी एक्स्प्रेसचे तिकीट मिळत नाही.

आणि मे महिन्यात दिवाणी न्यायालयांना उन्हाळी सुट्टी. चतुर्थीला सुट्टी. शिमग्यालाही सुट्टी. म्हणजे ज्या दिवसांत वादी-प्रतिवादी एकाच घरात एकाच पंगतीला जेवत असतात, नेमक्या त्याच दिवसांत कोर्टाच्या दाराला कुलूप. बाकीचे दहा महिने कोर्ट उघडे आणि प्रतिवादी क्र. 4 ते 19 गैरहजर. त्यांच्या नावचे समन्स मुंबईच्या पत्त्यावर जाते. चाळ पाडून टॉवर झालेला असतो, समन्स ‘पत्त्यावर राहत नाही’ अशा शेऱ्याने परत येते. मग पुन्हा नवा पत्ता, पुन्हा भत्ता, पुन्हा तारीख. वाटपाच्या दाव्यात पहिली दोन-तीन वर्षे निव्वळ नोटिसा बजावण्यात जातात, हे सांगितले तर पुण्या-मुंबईच्या वकिलांना अतिशयोक्ती वाटते. इथल्या कोणत्याही शिरस्तेदाराला विचारून पाहावे.

तेवढ्यात कोणीतरी मरतो. पंचवीस पक्षकारांत दरवर्षी एखादा जाणारच. त्याचे वारस रेकॉर्डवर घ्यायला 90 दिवस. ते गेले की त्याच्यापुरता दावा अबेट, म्हणजे आपोआप संपला. ते अबेट होणे रद्द करून घ्यायला आणखी 60 दिवस, आणि तेही गेले की विलंबमाफीचा अर्ज. विलंबमाफीच्या अर्जावर समोरच्याचे म्हणणे, म्हणण्यावर युक्तिवाद. मूळ दावा मुद्दे निघण्याच्या टप्प्यावरच राहतो आणि वारसांच्या अर्जांची वेगळी फाइल फुगत जाते. मृत्यूची तारीख गावात सगळ्यांना ठाऊक असते, कारण बाराव्याला सगळे जेवलेले असतात. कोर्टाला मात्र ती दोन वर्षांनी कळते.

एवढ्या अडचणी एकाच गोष्टीने थोड्या सुटतील असे मला वाटते: कोर्टाने चाकरमान्याच्या हंगामात तालुक्यात तडजोडीचे काम ठेवावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 19 खाली जिल्हा प्राधिकरणाला आणि तालुका समितीला आपल्याला योग्य वाटेल त्या ठिकाणी आणि त्या वेळी लोक अदालत भरवता येते. राष्ट्रीय लोक अदालतीच्या ठरलेल्या शनिवाराची वाट बघायची सक्ती नाही. प्रमुख जिल्हा न्यायाधीश हेच जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. लोक अदालतीचा निवाडा म्हणजे कोर्टाचा हुकूमनामाच (डिक्री), त्यावर अपील नाही, भरलेली कोर्ट फी परत मिळते. गेल्या वर्षी 1 जुलै ते 30 सप्टेंबर या काळात देशभर नव्वद दिवसांची मध्यस्थी मोहीम चालली आणि त्यात चतुर्थी 27 ऑगस्टला आली होती. एवढा योग जुळून आला, तरी कोकणासाठी वेगळे काही ठरवावे असे कोणाला सुचले नाही. मोहीम दिल्लीहून आली होती, म्हणून ती दिल्लीच्या पद्धतीनेच झाली. तिथे कमी पडला तो स्थानिक पुढाकार, आणि म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहितो आहे.

सणात कोण कोर्टाची पायरी चढेल, असा आक्षेप येईल. मला तो पटत नाही. मूळ घरातला गणपती सामायिक असतो, त्यामुळे वर्षभर न बोलणारे भाऊ त्या चार दिवसांत आरतीला शेजारी उभे राहतात. भांडणाची ठिणगी तिथेच पडते आणि विझायची तर तिथेच विझते. विसर्जन झाल्यावर, परतीच्या गाड्या सुटायच्या आधीचे दोन-तीन दिवस धरायचे. त्या दिवसांत माणसे अंगणात बसून जागेबद्दलच बोलत असतात, फक्त ते बोलणे लिहून घ्यायला कोणी नसते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. भूमी अभिलेखचा भूकरमापक हजर नसेल तर ही बैठक भरवूच नये. मी अशा तडजोडी पाहिल्या आहेत ज्यात ‘वरचा भाग थोरल्याला, खालचा धाकट्याला’ एवढे लिहून सगळ्यांच्या सह्या झाल्या. वरचा म्हणजे कुठपर्यंत, यावर पुढे नवा दावा उभा राहिला आणि तो मूळ दाव्यापेक्षा जास्त चालला. मोजणीचा नकाशा नसलेली तडजोड कोकणात न केलेली बरी. प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून तुमच्या एका पत्राने जिल्हाधिकारी आणि भूमी अभिलेखचे अधीक्षक एका टेबलावर येतात. वकिलाच्या शंभर अर्जांनी ते येत नाहीत.

मोजणीचा विषय निघालाच आहे, तर आमच्या भागातल्या सगळ्यांत जुन्या दुखण्याबद्दल सविस्तर लिहितो. वाटपाच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो: अमक्याचा एक तृतीयांश, तमक्याचा एक षष्ठांश. कोर्टाच्या तक्त्यात दावा ‘निकाली’ लागतो, फाइल रेकॉर्डला जाते. वादी पेढे वाटतो. वर्षभराने तो विचारायला येतो की माझा तुकडा कुठला. तेव्हा त्याला सांगावे लागते की अंतिम हुकूमनाम्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल, आणि जमीन शेतीची म्हणजे महसूल भरणारी असल्याने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांकडून होईल. तिथून कागद तहसीलदारांकडे, तिथून उपअधीक्षक भूमी अभिलेखांकडे, मग मोजणीची फी, मोजणीची तारीख, आकारफोड (जमिनीच्या साऱ्याची तुकड्यांत विभागणी). मोजणीच्या दिवशी पाऊस. पाऊस नसला तर झाडी तोडलेली नाही म्हणून परत. या साखळीत कागद कुठे अडला आहे हे कोर्टाला ठाऊक नसते, कारण कोर्टाच्या दृष्टीने ते प्रकरण केव्हाच संपलेले असते.

सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली यावर बोट ठेवले होते, आणि जून 2022 मध्ये तर सरळ निर्देश दिले: प्राथमिक हुकूमनामा झाल्यावर कोर्टाने वेगळ्या अर्जाची वाट न बघता स्वतःहून प्रकरण अंतिम हुकूमनाम्यासाठी बोर्डावर (दिवसाच्या कामाच्या यादीत) ठेवावे. चार वर्षे होत आली. आमच्या कोर्टात अजूनही वेगळा अर्ज होतो, कारण तशी वहिवाट आहे आणि वहिवाट मोडायला कोणी सांगितलेले नाही. तुमच्या एका परिपत्रकाचे हे काम आहे: वाटपाचा दावा प्राथमिक हुकूमनाम्यानंतर निकाली दाखवू नये, तो दर तीन महिन्यांनी बोर्डावर यावा, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलेल्या कागदाचा ठावठिकाणा त्या तारखेला रोजनाम्यात (दाव्याच्या तारीखवार नोंदींत) लिहिला जावा.

दरखास्तींची, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जांची, तीच कथा. हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हाती पडल्यावर सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने 1872 साली म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितले, मार्च 2025 मध्ये पुन्हा तेच सांगून सगळ्या उच्च न्यायालयांकडून आकडे मागवले. देशात 8 लाख 82 हजारांहून अधिक दरखास्ती पडून असल्याचे त्यातून समोर आले, आणि त्यातल्या सर्वाधिक, 3 लाख 40 हजारांहून अधिक, मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या. आपण महाराष्ट्राला न्यायमूर्तींचे आणि कायदेपंडितांचे राज्य म्हणवतो. या यादीत पहिला नंबर आला, त्याची चर्चा बाररूममध्ये फार तर दोन दिवस झाली.

खालच्या कोर्टांवर वरून नजर ठेवण्याची चांगली रीत या मातीत नवी नाही. 1875 च्या दख्खनच्या दंग्यांनंतर 1879 साली कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, मुळात पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांपुरता. त्या कायद्याखाली दुय्यम न्यायाधीशांचे निकाल तपासून चूक असेल तर ती दुरुस्त करायला विशेष न्यायाधीश नेमले गेले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे 1893 साली उच्च न्यायालयात जाण्याआधी, 1880 च्या दशकात, हे काम करत होते. गावोगाव फिरायचे, कोर्टातली दप्तरे उघडायची, सावकाराच्या कागदावर कुणब्याचा अंगठा कसा आला ते पाहायचे. तेव्हा ना संगणक होता ना राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड. फाइल उघडून वाचणारा वरिष्ठ माणूस मात्र होता.

आज ग्रिडवर प्रत्येक दाव्याचे वय दिसते. त्याचा उपयोग आहेच. पण वयावरून जुने दावे काढा म्हटले की काय होते, ते आम्ही पाहतो. न्यायाधीशांना महिन्याचे युनिट (कामाच्या मोजमापाचे गुण) भरायचे असतात. मग जुना, गुंतागुंतीचा, तीस पक्षकारांचा दावा बाजूला राहतो आणि चेकचे, तडजोडीचे, एकतर्फी असे पटकन होणारे पुढे येतात. किंवा जुना दावाच एखाद्या तारखेला वादी हजर नाही म्हणून काढून टाकला जातो. वादीची गाडी परशुराम घाटात दरड आली म्हणून अडकलेली असते. तक्त्यात एक प्रकरण कमी, आणि पुढच्या महिन्यात ते पुनःस्थापनेचा अर्ज म्हणून परत. आकडा खाली आणणारे नेतृत्व आम्हाला भरपूर मिळाले आहे. तुमच्याकडे मागणी आहे ती वेगळी: वार्षिक तपासणीला याल तेव्हा प्रत्येक तालुक्यातल्या सर्वांत जुन्या दहा दाव्यांचा रोजनामा पहिल्या पानापासून स्वतः वाचा. कोणी किती वेळा मुदत मागितली, कोणी हरकत घेतली नाही, बेलिफाचा अहवाल किती तारखांना आलाच नाही, सगळे तिथे लिहिलेले असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 17 मध्ये सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये असे 2002 पासून लिहिलेले आहे. रोजनामा वाचल्यावर त्या नियमाचे काय झाले ते कळेल. त्यात आम्हा वकिलांचीही नावे सापडतील, आणि ती सापडावीत असेच माझे मत आहे. तालुक्याच्या बारमध्ये माझे हे वाक्य आवडणार नाही.

नव्याने रुजू होणाऱ्या न्यायाधीशांबद्दल थोडे. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या तरुण न्यायाधीशाला पहिल्याच वर्षी खोती निर्मूलनाच्या 1949 च्या कायद्याचे, कुळाच्या नोंदीचे, देवराईच्या जमिनीचे, आंबोली-चौकूळ-गेळेच्या कबुलायतदार गावकरांचे (गावची जमीन पिढीजात सामायिक धरणाऱ्यांचे) प्रश्न समोर येतात. हे त्याला कोणी शिकवलेले नसते. चूक त्याची नाही. न्यायिक अकादमी उत्तनला आहे, म्हणजे कोकण किनाऱ्यावरच. तिथून दोन दिवसांचे कोकणच्या जमिनीवरचे शिबिर भरवणे अवघड नसावे. त्याला एखादा अनुभवी मंडळ अधिकारी बोलवावा, आम्हा वकिलांना नाही बोलावले तरी चालेल. आणि तो न्यायाधीश तीन वर्षांनी बदलून जाताना त्याने चांगले सुरू केलेले काम त्याच्याबरोबर जाऊ नये म्हणून त्याची टिपणी लेखी मागून घ्यावी. आमच्याकडे मागे एका न्यायाधीशांनी मुंबईच्या साक्षीदारांसाठी वेळ ठरवून बोलावण्याची पद्धत पाडली होती. ते गेले आणि पुढच्या आठवड्यात सगळे पुन्हा अकरा वाजता पुकाऱ्याला ओळीत उभे.

साक्षीदार मुंबईतूनच व्हिडिओवर साक्ष देऊ शकतो, हे 2003 साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. यंत्र कोर्टात आहे. ते नेमाने लावले जावे, एवढेच. न्यायाधीश रजेवर असतील तर आदल्या संध्याकाळी पक्षकाराला एसएमएस जावा. ई-कोर्ट्सच्या व्यवस्थेत तारखेचा एसएमएस जातो, तर हाही जाऊ शकतो. आणि रेकॉर्ड रूम तळमजल्यावर ठेवू नका, जुलै 2021 मध्ये चिपळूण कसे बुडाले ते सगळ्यांनी पाहिले आहे. ई-फायलिंगचा आग्रह धरताना निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती हेही लक्षात असावे. कागदावर दावा दाखल करून घ्यायची खिडकी बंद होऊ नये.

निकालाच्या भाषेबद्दल बोललो नाही तर आमच्या अशिलांवर अन्याय होईल. जिल्हा व दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी, असे शासनाने 1998 साली अधिसूचित केले. साक्ष मराठीत, उलटतपास मराठीत, भांडण तर मालवणीत किंवा संगमेश्वरी बोलीत. निकाल मात्र अजून अनेकदा इंग्रजीत येतो. आजीला सांगावे लागते की तुम्ही हरलात, आणि का हरलात ते सांगताना मीच माझ्या शब्दांत निकाल लिहीत असतो. अपील करायचे की नाही हे तिने माझ्या सांगण्यावर ठरवायचे. तुम्ही तपासणीत मराठी निकालांची संख्या विचारायला लागलात तर ती वाढेल, यात मला शंका नाही.

यंदा गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. विसर्जनानंतरच्या आठवड्यात तालुकावार तडजोडीच्या बैठका घ्यायच्या असतील तर वाटपाच्या दाव्यांची निवड आत्ताच सुरू व्हायला हवी, पक्षकारांना नोटिसा जूनमध्ये जायला हव्यात, आणि भूमी अभिलेखकडच्या मोजण्या पावसाआधी उरकायला हव्यात. भात लावणी सुरू झाली की शेतात कोणी साखळी ओढू देणार नाही. पहिल्या वर्षी प्रत्येक तालुक्यातले दहा दावे घेतले तरी पुरे. आमच्या तालुक्यातल्या दहा दाव्यांची यादी मी बारच्या अध्यक्षांकडे दिली आहे. मागवलीत तर दुसऱ्या दिवशी मिळेल.

आपला विश्वासू,
रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुका न्यायालयातला वकील